बॅट ठेवल्यावर वाढत गेलेली मतं: बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमचं भांडण नेमकं कशावरून?

अँड्रू जोन्स अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये शेवटचा खेळला तो २०१२ साली. हॉल ऑफ फेमच्या मतपत्रिकेवर त्याचं नाव पहिल्यांदा आलं २०१८मध्ये, आणि त्याला ७.३ टक्के मतं पडली. पुढच्या वर्षी ७.५. मग १९.४, मग ३३.९, असं चढत चढत २०२५मध्ये ६६.२ आणि जानेवारी २०२६मध्ये ७८.४ टक्के. निवडून यायला ७५ टक्के लागतात, म्हणजे नवव्या खेपेला काम झालं. या सगळ्या काळात मेजर लीगमध्ये त्याने ना एक चेंडू टोलवला, ना एक झेल घेतला. २०१८मध्ये त्याच्या नावावर ४३४ होमरन (षटकारासारखे मैदानाबाहेर जाणारे फटके) होते, आजही ४३४च आहेत.

मग मतं दहापट झाली कशाने? दर हिवाळ्यात बेसबॉलवाले ज्यावरून एकमेकांशी हुज्जत घालतात, ते समजून घ्यायचं तर याच प्रश्नापासून सुरुवात केलेली बरी. वरवर पाहता वाद ‘हा मोठा की तो मोठा’ असा असतो. प्रत्यक्षात त्यातला निम्मा वाद खेळाडूंचा आणि निम्मा मतदानाच्या नियमांचा असतो, आणि भांडणारे बहुतेक जण या दोन्हींची सरमिसळ करतात.

मत कोणाचं, किती वेळा, किती नावांना

हॉल ऑफ फेम हे न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउन नावाच्या छोट्या गावातलं संग्रहालय आहे. ते १९३९मध्ये उघडलं, पण पहिली निवडणूक त्याआधीच, १९३६मध्ये झाली होती. निवडलेल्या प्रत्येकाचा ब्राँझचा फलक तिथे लागतो. ही संस्था मेजर लीगपेक्षा वेगळी आहे. तिचे नियम तिचं संचालक मंडळ ठरवतं, लीग नाही. ही गोष्ट पुढे पीट रोझच्या वेळी कामाला येईल.

निवृत्त खेळाडूंना मत देण्याचा अधिकार आहे बेसबॉलच्या पत्रकारांना. बेसबॉल रायटर्स असोसिएशनचं सलग दहा वर्षं सदस्य असलेल्याला मतपत्रिका मिळते. पूर्वी हा अधिकार जवळजवळ तहहयात असे. २०१५मध्ये नियम आला की वार्तांकन सोडून दहा वर्षं उलटली असतील तर मत गेलं. त्यामुळे २०१५मध्ये ५४९ मतपत्रिका आल्या होत्या, त्या २०१६मध्ये ४४० झाल्या. शंभरावर जुने मतदार एका फटक्यात बाहेर गेले आणि मतदारसंघाचं सरासरी वय खाली आलं. जोन्सच्या कोड्याचं हे पहिलं उत्तर: मत देणारी माणसंच बदलली.

खेळाडूसाठी अट अशी की मेजर लीगमध्ये किमान दहा हंगाम खेळलेले असावेत आणि निवृत्तीला पाच वर्षं झालेली असावीत. मग सहा जणांची छाननी समिती असते. त्यातल्या दोघांनी नाव उचललं की ते मतपत्रिकेवर येतं. तिथून पुढे तीन आकडे लक्षात ठेवायचे. ७५ टक्के मिळाले की निवड. ५ टक्क्यांच्या खाली गेलात की नाव कायमचं कटलं. या दोहोंच्या मध्ये राहिलात तर पुढच्या वर्षी परत संधी, पण एकूण दहाच वर्षं. २०१४पर्यंत ही मुदत पंधरा वर्षांची होती.

यात चौथा आकडाही आहे आणि खरी गंमत तोच करतो: एका मतपत्रिकेवर जास्तीत जास्त दहा नावं.

दहा नावं पुरेशी वाटतात. मतपत्रिकेवर लायक माणसं सहा-सात असली की पुरतातही. पण २०१३मध्ये बॅरी बॉन्ड्स, रॉजर क्लेमेन्स, सॅमी सोसा, माइक पियाझा, क्रेग बिजियो आणि कर्ट शिलिंग हे सगळे एकदमच पहिल्यांदा मतपत्रिकेवर आले. उत्तेजकांच्या संशयावरून मतदारांत फूट पडली आणि त्या वर्षी पत्रकारांनी कोणालाच निवडलं नाही. निवडून कोणी गेलं नाही म्हणजे जागाही कोणी रिकामी केली नाही. पुढच्या वर्षी ग्रेग मॅडक्स, टॉम ग्लॅव्हिन, फ्रँक थॉमस ही नवी बडी नावं आली आणि दाटी आणखी वाढली. तेव्हा ५७१ मतपत्रिकांत बिजियोला ४२७ मतं पडली. हवी होती ४२९. दोन मतांनी माणूस वर्षभर ताटकळला. त्याला लायक मानणाऱ्या किती जणांच्या मतपत्रिकेवर अकरावी ओळ नव्हती म्हणून तो राहिला, हे मोजायची सोय नाही. पण पुढच्याच वर्षी तो ८२.७ टक्क्यांनी निवडून आला, यावरून काय ते समजावं.

जोन्स २०१८मध्ये आला तो या गर्दीतच. बॉन्ड्स, क्लेमेन्स, शिलिंग अजून होतेच, शिवाय चिपर जोन्स, जिम थोमी, व्लादिमिर गरेरो, ट्रेव्हर हॉफमन. त्या वर्षी ४२२ मतपत्रिका आल्या आणि जोन्सला ३१ मतं मिळाली. पाच टक्क्यांसाठी किमान २२ लागत होती. दहा मतं कमी पडली असती तर २१वर गाडी थांबून नाव तिथेच संपलं असतं. आज ज्याचा फलक लागतो आहे त्याची गोष्ट पहिल्याच वर्षी आटोपली असती, आणि त्याच्या खेळात तसूभरही फरक न पडता.

हे नुसतं ‘असतं तर’ नाही. केनी लॉफ्टनचं नेमकं असंच झालं. तोही जोन्ससारखाच सेंटर फील्डचा खेळाडू, म्हणजे मैदानाच्या मागच्या मोकळ्या भागात मधोमध उभा राहणारा. २,४२८ हिट (म्हणजे पळून बेस, धावेच्या वाटेवरचा टप्पा, गाठून देणारे फटके), ६२२ वेळा बेस चोरलेला (फटका नसताना पळून पुढचा बेस गाठलेला), क्षेत्ररक्षणाचे चार गोल्ड ग्लव्ह पुरस्कार. तो मतपत्रिकेवर आला त्याच अभागी २०१३मध्ये. १८ मतं, ३.२ टक्के, खेळ खलास. एकूण कारकिर्दीच्या मापाने (ते माप काय, ते पुढे येतंच आहे) लॉफ्टन जोन्सच्या थोडा पुढेच आहे. एकाला नऊ वर्षं बाजू मांडायला मिळाली, दुसऱ्याला एक हिवाळा. डेट्रॉइटचा लू व्हिटेकर २००१मध्ये २.९ टक्क्यांवर असाच गेला, आणि दोनदा साय यंग पुरस्कार (वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा) मिळवलेला पिचर, म्हणजे बॅटरला चेंडू टाकणारा, योहान सांताना २०१८मध्ये २.४ टक्क्यांवर. मतपत्रिका लांबत जाऊ नये म्हणून पाच टक्क्यांची चाळणी आहे हे मान्य, पण पहिल्याच वर्षी ती लावणं हा या पद्धतीतला सगळ्यात मोठा दोष आहे. दहा नावांची मर्यादा आणि ही चाळणी एकत्र आल्या की सुक्याबरोबर ओलंही जळतं.

कोरी मतपत्रिका हा आणखी एक बारकावा. मतपत्रिका पाठवलीच नाही तर ती हिशेबात धरत नाहीत. पण एकही नाव न लिहिता पाठवली तर ती एकूण संख्येत मोजली जाते, म्हणजे प्रत्येक उमेदवाराला ‘नाही’ म्हटल्यासारखं होतं. २०२१मध्ये ४०१ पैकी १४ मतपत्रिका कोऱ्या होत्या आणि कोणीच निवडून आलं नाही. शिलिंगला २८५ मतं होती, लागत होती ३०१. कोऱ्या वगळल्या असत्या तरी तो ७३.६ टक्क्यांवर अडला असता, तेव्हा ‘कोऱ्या मतपत्रिकांनी त्याला पाडलं’ ही ओरड त्या वर्षापुरती खोटी. पण एखाद्या कोऱ्या मतपत्रिकेवर मात करायला उमेदवाराला तीन होकार लागतात, हे गणित कायम खरं.

आणि एकमत? ते जवळजवळ कधीच होत नाही. १९३६मध्ये २२६ पैकी चौघांनी टाय कॉबला मत दिलं नाही, अकरा जणांनी बेब रूथला. ५११ विजयांचा साय यंग, ज्याच्या नावाने पिचरचा तो पुरस्कार आहे, तर पहिल्या वर्षी निम्म्यावरही पोचला नव्हता. आजवर शंभर टक्के मिळालेला एकच, मारियानो रिवेरा, २०१९मध्ये ४२५ पैकी ४२५. डेरेक जीटरला एक मत कमी पडलं, इचिरो सुझुकीलाही २०२५मध्ये ३९४ पैकी ३९३. ‘तो एक कोण?’ यावर दरवेळी पानंच्या पानं खर्च होतात. निकालात त्याने काहीही बदलत नाही, म्हणून इथे ते सोडून देऊ.

लायकी मोजायची कशी

जुन्या काळी मोजमाप सोपं होतं. बॅटरचे ३,००० हिट किंवा ५०० होमरन, पिचरचे ३०० विजय. एवढं झालं की फलक ठरलेला. हे आकडे लक्षात ठेवायला सोपे आहेत, पण त्यात क्षेत्ररक्षण नाही, मैदानाचा आकार नाही, आणि तो काळ धावांचा होता की दुष्काळाचा तेही नाही.

पिचरचा ‘विजय’ घ्या. क्रिकेटमध्ये गोलंदाजाने कमाल गोलंदाजी करावी आणि आपल्याच फलंदाजांनी साठात गुंडाळून घ्यावं, तेव्हा आपण गोलंदाजाला दोष देत नाही. बेसबॉलमध्ये मात्र तो पराभव पिचरच्या नावावर चढतो. २०१०मध्ये सिअ‍ॅटलच्या फेलिक्स हर्नांडेझने नऊ इनिंगमागे, म्हणजे एका पूर्ण सामन्यामागे, सरासरी २.२७ धावा दिल्या, जी उत्तम कामगिरी आहे, आणि त्याचा हिशेब निघाला १३ विजय, १२ पराभव. संघाला धावाच करता येत नव्हत्या. त्या वर्षी त्यालाच साय यंग मिळाला आणि अनेकांच्या मते विजयांच्या आकड्याची सद्दी तिथे संपली. शिवाय आता पिचर पाच-सहा इनिंग टाकून बाहेर जातो. ३०० विजयांचा टप्पा शेवटचा गाठला तो रँडी जॉन्सनने, २००९मध्ये. म्हणूनच २५१ विजयांचा सीसी सबाथिया २०२५मध्ये पहिल्याच खेपेला आत गेला. आणि हर्नांडेझ स्वतः, एकूण १६९ विजय, २०२५मध्ये २०.६ टक्क्यांवर होता तो वर्षभरात दुपटीच्या पुढे गेला. वीस वर्षांपूर्वी १६९ विजयांच्या पिचरचं नाव या चर्चेत निघालंही नसतं.

आज सर्वाधिक चालणारं माप म्हणजे ‘वॉर’. नाव भयंकर आहे, कल्पना साधी. समजा हा खेळाडू जायबंदी झाला आणि त्याच्या जागी दुय्यम लीगमधून सहज मिळणारा, कमी पगाराचा कोणीतरी आणला. तर संघाचे किती विजय कमी होतील? तेवढा त्याचा वॉर. बॅटिंग, धावणं, क्षेत्ररक्षण यांतून कमावलेल्या आणि वाचवलेल्या धावा मोजतात, त्यात मैदानाची आणि जागेची भर-वजाबाकी करतात, आणि साधारण दहा धावांना एक विजय या दराने भागतात. एका हंगामात २ म्हणजे रोज संघात असणारा ठीकठाक खेळाडू, ५ म्हणजे ऑल-स्टार दर्जा, ८ म्हणजे त्या वर्षीच्या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्काराचा दावेदार. कारकिर्दीत ६० ओलांडले की हॉल ऑफ फेमची चर्चा सुरू होते, ७०च्या पुढे दावा बळकट मानतात.

आता जोन्स पाहू. त्याची बॅटिंगची सरासरी .२५४ (हजार प्रयत्नांत २५४ हिट), म्हणजे सामान्य. एकूण हिट १,९३३, दोन हजारही नाहीत. जुन्या फूटपट्टीने विषय संपला. पण बेसबॉल रेफरन्स या संकेतस्थळाच्या हिशेबाने त्याचा वॉर ६२.७ आहे, आणि त्यातला फार मोठा वाटा क्षेत्ररक्षणाचा. १९९८ ते २००७ सलग दहा गोल्ड ग्लव्ह. तो इतका पुढे सरकून उभा राहायचा की समोर पडणारे छोटे फटके पकडायचा आणि डोक्यावरून जाणारेही धावत मागे जाऊन गाठायचा. त्याने झेललेला प्रत्येक चेंडू म्हणजे समोरच्या बॅटरचा न झालेला हिट. तो हिट कोणाच्याच खात्यात दिसत नाही, म्हणून जुन्या मतदाराला तो दिसला नाही. वॉरने त्याला आकडा दिला. हे कोड्याचं दुसरं उत्तर.

पण इथे सावध राहायला हवं. बॅटिंगचा आकडा काटेकोर असतो. क्षेत्ररक्षणाचा, विशेषतः सगळ्या चेंडूंचा मार्ग कॅमेऱ्याने टिपायला लागण्याआधीचा, हा अंदाज असतो. दोन संकेतस्थळं एकाच माणसाचा वेगवेगळा वॉर देतात ते यामुळे. म्हणून ६२.७ आणि ६४.१ यांत ‘दुसरा मोठा’ म्हणणं म्हणजे भाजीच्या काट्यावर सोनं तोलणं. दहा-बारा विजयांचा फरक असेल तर बोला.

मैदानाचाही हिशेब करावा लागतो. डेन्व्हरचं कूर्स फील्ड समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटरवर आहे. हवा विरळ, त्यामुळे चेंडू लांब जातो आणि पिचरचा चेंडू कमी वळतो. तिथे खेळलेल्या लॅरी वॉकरचे आकडे फुगलेले आहेत असं म्हणत मतदारांनी त्याला वर्षानुवर्षं ताटकळत ठेवलं. यावर उपाय म्हणून ‘ओपीएस प्लस’ हे माप आहे. त्यात मैदान आणि काळ यांचा परिणाम काढून टाकतात, आणि १०० म्हणजे त्या काळाचा सरासरी बॅटर असं धरतात. वॉकरचा आकडा १४१ आहे, म्हणजे डेन्व्हरची हवा काढून घेतली तरी सरासरीहून ४१ टक्के सरस. हे गळी उतरायला वेळ लागला. २०११मध्ये २०.३ टक्क्यांवर सुरू झालेला वॉकर दहाव्या, शेवटच्या वर्षी ७६.६ टक्क्यांनी निवडून आला.

शिखर की पठार

समजा एक पिचर सहा वर्षं जगात सर्वोत्तम होता आणि मग संपला. दुसरा वीस वर्षं चांगला होता, सर्वोत्तम कधीच नाही. फलक कोणाला?

सँडी कूफॅक्स १९६६नंतर कोपराच्या दुखण्यामुळे तिशीतच थांबला. विजय फक्त १६५. पण १९६२ ते १९६६ सलग पाच वर्षं आपल्या लीगमध्ये सर्वांत कमी धावा देणारा तोच होता, आणि तीन साय यंग. १९७२मध्ये, वयाच्या ३६व्या वर्षी, तो पहिल्याच खेपेला आत गेला. डॉन सटनचे विजय ३२४, कूफॅक्सच्या जवळजवळ दुप्पट, साय यंग एकही नाही. त्याला पाचव्या प्रयत्नापर्यंत थांबावं लागलं. दोघंही आत आहेत. म्हणजे हॉलने दोन्ही रस्ते मान्य केलेत, पण कूफॅक्सचं नाव घेऊन कोणत्याही चार वर्षं चमकलेल्याची वकिली करणं गैर. त्याच्याइतकी उंची असेल तरच रुंदी माफ होते.

ही कसरत आकड्यात बसवायला जे जॅफी या लेखकाने २००४मध्ये ‘जॉज’ नावाची पद्धत काढली. खेळाडूचा एकूण वॉर घ्या. त्याच्या सर्वोत्तम सात हंगामांच्या वॉरची बेरीज घ्या, हे हंगाम सलग नसले तरी चालतात. दोन्हींची सरासरी काढा. ती त्याच जागेवर खेळलेल्या आणि आधीच हॉलमध्ये असलेल्यांच्या सरासरीशी ताडून पाहा. शॉर्टस्टॉपची (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभा राहणारा) तुलना शॉर्टस्टॉपशी, कॅचरची (बॅटरच्या मागे बसणारा) कॅचरशी. जोन्सचा एकूण ६२.७, उत्तम सात हंगामांचा ४६च्या आसपास, म्हणजे जॉज ५४ ते ५५. सेंटर फील्डच्या सरासरीपेक्षा थोडा कमीच, कारण त्या सरासरीत विली मेज, टाय कॉब, मिकी मँटल असे डोंगर आहेत. तिशीनंतर जोन्स अक्षरशः कोसळला. २००८मध्ये डॉजर्स संघाकडून त्याची सरासरी होती .१५८. त्याचे विरोधक याच उताराकडे बोट दाखवत आले आणि समर्थक आधीच्या दहा वर्षांकडे.

एखादं नाव स्वतः तपासायचं असेल तर क्रम असा ठेवावा: आधी जॉज आणि त्या जागेची सरासरी, मग ओपीएस प्लस (पिचर असेल तर मैदान आणि काळ जुळवून घेतलेला धावांचा आकडा), मग पुरस्कार आणि निर्णायक सामने, आणि सगळ्यात शेवटी एकूण हिट-होमरन. बहुतेक जण हे उलट्या क्रमाने करतात आणि मग पहिल्या आकड्याच्या प्रेमात पडतात. आणखी एक खोड टाळावी. ‘हॅरॉल्ड बेन्स आत आहे, मग हा का नाही?’ हा युक्तिवाद. बेन्सचा वॉर ३९च्या आसपास आहे. सगळ्यात खालच्या फलकाला उंबरठा मानलं तर दोन-तीनशे जणांना आत घ्यावं लागेल.

चारित्र्य, इंजेक्शनं आणि जुगार

मतदारांना दिलेल्या नियमांत कामगिरी आणि कौशल्य यांच्या जोडीला सचोटी, खिलाडूवृत्ती आणि चारित्र्य हेही शब्द आहेत. या एका वाक्यावर अर्धं भांडण उभं आहे.

बॉन्ड्सचे ७६२ होमरन आणि सात वेळा सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, क्लेमेन्सचे ३५४ विजय आणि सात साय यंग. दोघांवर उत्तेजकांचा गाढ संशय, पण मेजर लीगच्या चाचणीत शिक्षा दोघांनाही कधी झाली नाही. कारण सोपं आहे: शिक्षेसह चाचणी सुरूच झाली २००४मध्ये. २००३ची चाचणी नाव न सांगता केलेली पाहणी होती. म्हणून समंजस मतदार दोन खाती करतात. एक, २००४पूर्वीचे, जेव्हा लीगनेच डोळ्यांवर कातडं ओढलं होतं. दुसरं, नियम आणि शिक्षा माहीत असून सापडलेले: राफाएल पाल्मेरो (३,०२० हिट, ५६९ होमरन, २००५मध्ये सापडला, २०१४मध्ये ४.४ टक्क्यांवर बाद), मॅनी रामिरेझ (दोनदा), आणि २०१४चा अख्खा हंगाम निलंबित राहिलेला अ‍ॅलेक्स रॉड्रिगेझ, जो ६९६ होमरन असूनही चाळीस टक्क्यांच्या आसपास अडकला. ही विभागणी पटण्यासारखी आहे. तरी तिच्यातही फट आहे: २००३च्या त्या यादीत नाव असल्याची बातमी फुटलेला डेव्हिड ऑर्टिझ २०२२मध्ये पहिल्याच वर्षी ७७.९ टक्क्यांनी आत गेला, आणि त्याच दिवशी बॉन्ड्स ६६ टक्क्यांवर कायमचा बाद झाला.

बॉन्ड्सच्या आलेखातही एक धडा आहे. २०१६मध्ये ४४.३, २०१७मध्ये एकदम ५३.८. मधे काय झालं? उत्तेजकांच्या काळात लीगचे आयुक्त असलेले बड सेलिग यांना समितीने हॉलमध्ये घेतलं. ज्यांच्या राज्यात हे घडलं तेच आत, मग खेळाडूंनी काय घोडं मारलं, असं बऱ्याच मतदारांना वाटलं. पण साठ टक्क्यांच्या आसपास आलेख आडवा झाला: ५९.१, ६०.७, ६१.८, शेवटी ६६. जोन्सचे विरोधक पुरावा पाहून बदलू शकत होते, कारण त्यांचा प्रश्न ‘किती चांगला?’ हा होता. बॉन्ड्सच्या विरोधकांना त्याच्या खेळाबद्दल शंकाच नव्हती. नवा आकडा त्यांना काय पटवणार?

चारित्र्याचं कलम मतं खालीही खेचतं. ओमार व्हिस्केल हा अप्रतिम शॉर्टस्टॉप २०२०मध्ये ५२.६ टक्क्यांवर होता, म्हणजे निवड जवळजवळ ठरल्यासारखी. त्यानंतर कौटुंबिक हिंसाचाराचे आरोप प्रसिद्ध झाले आणि २०२२पर्यंत तो २३.९वर आला. दुसरीकडे कार्लोस बेल्ट्रान. २०१७च्या ह्यूस्टन संघाच्या इशारे चोरण्याच्या (समोरच्या कॅचरने पिचरला केलेल्या खुणा पाहून आपल्या बॅटरला कळवण्याच्या) प्रकरणात लीगच्या अहवालात नाव आलेला तो एकमेव खेळाडू होता. मतदारांनी त्याला तीन वर्षं ‘शिक्षा’ दिली, ४६.५, ५७.१, ७०.३, आणि २०२६मध्ये ८४.२ टक्क्यांनी आत घेतलं. किती पापाला किती वर्षं, याचं कोष्टक कुठेही छापलेलं नाही.

पीट रोझचं प्रकरण वेगळं. ४,२५६ हिट, हा आजही विक्रम. स्वतःच्या संघाच्या सामन्यांवर पैसे लावले म्हणून ऑगस्ट १९८९मध्ये लीगने आजन्म बंदी घातली. १९९१मध्ये हॉलने स्वतःचा नियम केला की लीगच्या बंदी यादीतल्या माणसाचा विचारच होणार नाही. म्हणजे पत्रकारांनी रोझला नाकारलं असं म्हणणं चूक. त्यांच्या छापील मतपत्रिकेवर तो कधी आलाच नाही. तो ३० सप्टेंबर २०२४ला वारला. मे २०२५मध्ये आयुक्त रॉब मॅन्फ्रेड यांनी ठरवलं की बंदी मृत्यूबरोबर संपते. त्यामुळे रोझ आणि १९१९च्या वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे हंगामाच्या अंतिम लढतीच्या, घोटाळ्यातला शूलेस जो जॅक्सन दोघंही पात्र झाले. आता त्यांचा निर्णय पत्रकारांकडे नाही, समितीकडे.

मागचं दार

पत्रकारांच्या हातून सुटलेल्यांसाठी सोळा जणांची समिती असते. तिच्यासमोर आठ नावं, प्रत्येक सदस्याला जास्तीत जास्त तीन मतं, निवडीला बारा हवीत. हिशेब करा: सोळा गुणिले तीन, अठ्ठेचाळीस मतं. प्रत्येकी बारा म्हणजे फार तर चौघं निवडून येऊ शकतात, तेही मतं अगदी मोजून वाटली तर. एका नावाला सोळाच्या सोळा पडली की बाकीच्यांचा पैस आटतो. फिलाडेल्फियाचा डिक अ‍ॅलन दोनदा अकरा मतांवर, म्हणजे एका मताने राहिला. डिसेंबर २०२४मध्ये तो निवडला गेला, पण वारला होता २०२०मध्येच. त्याच्याबरोबर निवडला गेलेला डेव्ह पार्कर सोहळ्याच्या महिनाभर आधी, जून २०२५मध्ये गेला. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

या दारावर वशिल्याचा आरोप जुना आहे. बेन्स निवडला गेला तेव्हा समितीत त्याचे एकेकाळचे मॅनेजर टोनी ला रूसा आणि त्याच्या संघाचे मालक जेरी राइन्सडॉर्फ होते. सत्तरच्या दशकातही फ्रँकी फ्रिश समितीवर असताना त्याचे जुने सहकारी एकेक करून आत गेले होते.

डिसेंबर २०२५मध्ये समितीने एकालाच निवडलं, दुसऱ्या बेसवरच्या जेफ केंटला, सोळापैकी चौदा मतांनी. बॉन्ड्स आणि क्लेमेन्स यांना पाचही मतं मिळाली नाहीत. नव्या नियमाप्रमाणे पाचपेक्षा कमी मिळालेल्याचं नाव पुढच्या फेरीत घेता येत नाही, आणि दुसऱ्यांदा तसंच झालं तर कायमचं बंद. म्हणजे ती दोन नावं २०२८मध्ये नसतील. लॉफ्टन मात्र २०२२ आणि २०२५ या दोन्ही फेऱ्यांत त्या आठ नावांतही नव्हता. रोझ आणि जॅक्सन यांची पाळी आली तर ती डिसेंबर २०२७मध्ये, जेव्हा १९८०पूर्वीच्या काळाची समिती बसेल.

त्याआधी, जानेवारी २०२७च्या निकालात, पाहण्यासारखं नाव आहे सॅन फ्रान्सिस्कोचा कॅचर बस्टर पोझी. तीन वर्ल्ड सिरीज, २०१२चा सर्वोत्तम खेळाडू, सरासरी .३०२. आणि हिट किती, तर बरोबर १,५००. कॅचर हा दर चेंडूला गुडघ्यावर बसतो, अंगावर फटके घेतो, लवकर झिजतो, म्हणून त्याची तुलना इतरांच्या हिटशी करायची नाही हे एव्हाना बहुतेकांना मान्य आहे. पण त्याच्या वॉरचं काय करायचं? बेसबॉल रेफरन्सवर तो ४५च्या आसपास आहे, फॅनग्राफ्स या दुसऱ्या संकेतस्थळावर ५५च्या वर. दहाहून जास्त विजयांचा हा फरक मुख्यतः एकाच कौशल्याचा: कडेला आलेला चेंडू हात स्थिर ठेवून असा झेलायचा की पंचाला तो स्ट्राइक, म्हणजे बॅटरच्या विरोधात मोजला जाणारा चेंडू, वाटावा. फॅनग्राफ्स ते कौशल्य धावांत मोजतं, बेसबॉल रेफरन्स मोजत नाही. आणि ज्या वर्षी पोझीची मतपत्रिका निघते आहे, त्याच २०२६च्या हंगामापासून मेजर लीगमध्ये खेळाडूंना पंचाच्या स्ट्राइकच्या निर्णयावर यंत्राकडे दाद मागता येते.